माझ्या नावावर दुसऱ्याचं कर्ज : ओळखचोरीच्या कायद्यात मी नेमकी कोण?

उंबरठा

कर्जाच्या अर्जाची प्रत हातात आली तेव्हा आधी नजर गेली ती फोटोवर. नाव माझं, आईचं नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, पॅन क्रमांकही बरोबर. फोटो मात्र मी जन्मात कधी न पाहिलेल्या बाईचा. चष्मा लावलेली, सरळ कॅमेऱ्यात बघणारी. खाली माझ्या नावाची सही. मी सहीत आडनावाचं फक्त आद्याक्षर लिहिते, तिने अख्खं आडनाव गिरवलं होतं, शाळेतल्या वहीवर लिहितात तसं सुटंसुटं.

हे कर्ज आहे हेच मला कळलं ते माझा स्वतःचा अर्ज नाकारला गेला तेव्हा. त्यानंतर वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. आठ महिने झाले. कर्ज देणारी संस्था म्हणते, "पोलिसांचा कागद आणा, मग बघू." पोलीस ठाण्यात अधिकारी नीट बोलले, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, फसवणूक झालीय ती कर्ज देणाऱ्यांची. फिर्याद त्यांनी द्यायला हवी. तुमचं काय गेलं?"

या प्रश्नाने मी रात्रभर जागी होते. काय गेलं हे मला धड सांगता आलं नाही याचंच वाईट वाटलं.

मग कायदा वाचायला बसले. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६सी म्हणतं, दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी, पासवर्ड किंवा अशीच एकमेव ओळख पटवणारी कुठलीही खूण अप्रामाणिकपणे वापरली तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. ६६डी म्हणजे संगणक किंवा तशा साधनाच्या आधारे तोतयेगिरी करून ठकवणूक, शिक्षा तेवढीच. भारतीय न्याय संहितेत कलम ३१९, तोतयेगिरी करून ठकवणूक, ५ वर्षांपर्यंत. शिक्षा कागदावर आहेत. पण प्रत्येक कलम वाचताना मी स्वतःला शोधत होते आणि सापडत नव्हते. त्या बाईला शिक्षा झाली तर मला काय मिळेल? माझं नाव मला परत कोण देणार?

जाणकारांनी सांगावं. इतर देशांत काय आहे तेही कुणाला माहीत असेल तर लिहा.

---

काळा कोट

उंबरठा ताई, तुम्ही जिथे अडलात तिथेच कायदा अडलाय. फौजदारी वकिली करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ठकवणुकीच्या व्याख्येचा सांगाडा १८६० च्या दंड संहितेपासून फारसा बदललेला नाही. कुणाला तरी फसवायचं, फसलेल्याने त्यामुळे काहीतरी द्यायचं किंवा करायचं आणि त्यातून त्या *फसलेल्या* माणसाचं नुकसान व्हायचं किंवा होण्याजोगं असायचं. सगळी नजर फसलेल्यावर. तुमच्या प्रकरणात फसली ती संस्था. तुम्हाला तर त्या बाईने काही सांगितलंच नाही, मग तुम्ही फसणार कुठून? अधिकारी जे बोलले ते या व्याख्येतून आलेलं आहे.

तोतयेगिरीच्या कलमाखाली एक छोटं स्पष्टीकरण आहे, जुन्या ४१६ खाली होतं, आता ३१९ खाली आहे : ज्याचं सोंग घेतलं ती व्यक्ती खरी असो वा काल्पनिक, गुन्हा घडतोच. आरोपीला पळवाट मिळू नये म्हणून ते घातलंय आणि त्या दृष्टीने रास्तही आहे. पण तुमच्या बाजूने वाचून बघा. तुम्ही अस्तित्वात आहात की नाही याने त्या कलमाला काही फरकच पडत नाही.

त्यात भर म्हणजे ठकवणुकीचा खटला मिटवायची तरतूद कायद्यात आहे आणि तडजोडीचा अधिकार दिलाय "जी व्यक्ती ठकवली गेली" तिला. उद्या संस्थेने पैसे वसूल करून प्रकरण मिटवलं तर तुम्हाला विचारलंच जाईल असं धरून चालू नका.

६६सी या बाबतीत वेगळं आहे. २००८ च्या दुरुस्तीने ते आलं आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झालं. त्यात कुणी फसलं पाहिजे, पैसे गेले पाहिजेत अशी अट नाही. *दुसऱ्याची* ओळखखूण अप्रामाणिकपणे वापरली की गुन्हा पूर्ण. तिथे तुम्ही मध्यभागी आहात. म्हणून तुमच्या तक्रारीत पहिलं कलम ६६सी हवं, ३१९ आणि साध्या ठकवणुकीचं ३१८ नंतर. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही. जामीनपात्रही आहे, त्यामुळे आरोपी लगेच बाहेर येईल, तेवढी मनाची तयारी ठेवा. तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्याच अधिकाऱ्याने करायचा असतो. काही ठाण्यांत चालढकल होते त्याचं हे एक कारण, कारण निरीक्षक मोजके आणि कामं ढीगभर.

---

सांजवात

ताई, तुमचं वाचून हात गार पडले. आमच्याकडे हेच झालं, फक्त फोटोतला माणूस अनोळखी नव्हता.

वडिलांच्या कागदपत्रांवर माझ्या धाकट्या भावाने कर्ज काढलं. वडिलांचा फोन त्याच्याच हाताशी असायचा, ओटीपी यायचा, तो टाकायचा. बाबांना पत्ता नाही. कळलं तेव्हा आम्ही वकिलांकडे गेलो. त्यांनी एकच विचारलं, "मुलावर गुन्हा दाखल करायला तयार आहात का?" बाबा उठून बाहेर गेले.

कायद्यात नात्याला सूट नाही हे तेव्हा कळलं. मुलगा असो की परका, कलम तेच. आणि गुन्हा नोंदवला नाही तर कर्ज बाबांचंच राहतं, कारण मग "मी घेतलं नाही" म्हणायला आधार काय? बाबांनी पेन्शनमधून फेडलं. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशीही ते भावाशी नेहमीसारखंच बोलले. मला अजून ते जमत नाही.

---

खडूफळा

३ वर्षं आणि १ लाख ही शिक्षा म्हणजे थट्टा आहे. एखाद्याचं अख्खं आयुष्य उलटंपालटं करायचं आणि जामिनावर मोकळं फिरायचं? १० वर्षांची किमान शिक्षा ठेवा, अजामीनपात्र करा, बघा कसा धाक बसतो ते. अमेरिकेत म्हणे ३० वर्षं आहेत.

---

काळा कोट

@खडूफळा, तुमचा संताप समजतो, पण ३० वर्षं तिथेही सरसकट नाहीत. तिथला इतिहास उंबरठा ताईंच्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे म्हणून सांगतो.

१९९८ पर्यंत अमेरिकेच्या संघीय कायद्यातही हीच अडचण होती. बँक पीडित, दुकानदार पीडित, ज्याचं नाव वापरलं तो कुणीच नाही. १९९६ मध्ये अ‍ॅरिझोना राज्याने ओळखचोरी हा स्वतंत्र गुन्हा केला, तसं करणारं ते पहिलं राज्य. १९९८ मध्ये संघीय कायदा झाला. दुसऱ्याची ओळखीची साधनं बेकायदा कामासाठी वापरणं हाच गुन्हा ठरला आणि नाव गेलेला माणूस पीडित म्हणून मोजला जाऊ लागला. गंभीर प्रकारांत कमाल १५ वर्षं, अमली पदार्थांचा व्यापार किंवा हिंसेशी संबंध असेल तर २०, दहशतवादाशी असेल तर ३०.

२००४ मध्ये त्यावर "गंभीर ओळखचोरी"चं कलम आलं. ठरावीक गुन्हे करताना दुसऱ्याची ओळख वापरली तर मूळ शिक्षेवर २ वर्षं जादा, आधीची संपल्यावर भोगायची, न्यायाधीशाला त्यात काटछाट नाही. खडूफळा मागताहेत तशीच ही सक्ती. पुढे काय झालं? सरकारी पक्ष ते कलम वाटेल तिथे लावू लागला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की वापरलेली ओळख खऱ्या माणसाची आहे हे आरोपीला ठाऊक होतं, असं सरकारने सिद्ध केलं पाहिजे. २०२३ मध्ये आणखी एक प्रकरण गेलं. त्यात एका माणसाने सरकारी आरोग्य योजनेला तपासणीचं बिल फुगवून लावलं होतं. रुग्ण खरा, तपासणीही झालेली, खोटं होतं ते बिल. तरी बिलावर रुग्णाचं नाव आहे म्हणून ओळखचोरीची २ वर्षं! न्यायालयाने एकमताने सांगितलं की दुसऱ्याच्या ओळखीचा गैरवापर हा गुन्ह्याचा गाभा असला पाहिजे, नाव नुसतं कागदावर असून भागत नाही.

शिक्षा वाढवायला माझा विरोध नाही, आपल्याकडेही ३१९ ची ३ वरून ५ वर्षं झालीच. पण पंधरा वर्षांच्या वकिलीत मी पाहिलेल्या अशा आरोपींपैकी कुणी "किती वर्षं होतील" याचा हिशेब मांडून बसलेला दिसला नाही. आपल्याला कुणी शोधणारच नाही याची त्यांना खात्री होती.

---

उंबरठा

काळा कोट, मनापासून आभार. "तुम्ही अस्तित्वात आहात की नाही याने त्या कलमाला फरक पडत नाही" हे वाक्य वाचून थोडा वेळ नुसती बसून होते. सांजवात, तुमच्या बाबांबद्दल काय लिहू कळत नाही. त्यांना नमस्कार सांगा.

खडूफळा, मला त्या बाईला १० वर्षं आत टाकायचं नाहीये. कदाचित तीही कुणाच्या तरी सांगण्यावरून फोटो काढायला उभी राहिली असेल. मला फक्त कुणीतरी अधिकाराने लिहून द्यावं की हे कर्ज घेणारी मी नव्हे.

---

दूरचा दिवा

ऑस्ट्रेलियात राहते. तुम्ही म्हणताय तो कागद इथे खरोखर आहे.

२०११ मध्ये संघीय फौजदारी कायद्यात ओळखीसंबंधीचे गुन्हे घातले. दुसऱ्याची ओळखमाहिती गुन्ह्यासाठी मिळवणं, देणं, वापरणं याला ५ वर्षांपर्यंत, तशा हेतूने नुसती जवळ बाळगणं याला ३ वर्षांपर्यंत. म्हणजे पैसे जायची वाट बघायची नाही, कुणाच्या घरात शंभर लोकांच्या कागदपत्रांच्या प्रती आणि कोरी कार्डं सापडली तरी पुरे.

त्याच कायद्यात पीडितांसाठी प्रमाणपत्र आहे. न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, अमुक माहिती अमुक प्रकारे वापरली गेली हे मांडायचं. त्यांना पटलं तर ते तसं प्रमाणपत्र देतात. चोर सापडलेला नसला तरी चालतं, खटला उभा राहिलेला नसला तरी चालतं. बँकेला ते पाहून कर्ज रद्द करायची सक्ती नाही, ही उणीव आहेच. पण न्यायालयाच्या शिक्क्याचा कागद समोर ठेवून बोलणं आणि नुसतं तोंडी बोलणं यातला फरक तुम्हाला मी सांगायला नको.

---

नीरक्षीर

दूरचा दिवा यांचा "नुसती जवळ बाळगणं" हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. कॅनडात त्यासाठी दोन वेगळे शब्दच आहेत. जानेवारी २०१० पासून तिथे गुन्ह्याच्या हेतूने दुसऱ्याची ओळखमाहिती मिळवणं किंवा बाळगणं ही "ओळखचोरी", ५ वर्षांपर्यंत. ती वापरून प्रत्यक्ष सोंग घेणं ही "ओळख-फसवणूक", १० वर्षांपर्यंत. आपण एकाच शब्दात दोन्ही कोंबतो. डेटा गोळा करून विकणारा एक असतो, फोटो काढायला उभी राहणारी दुसरी. पकडली जाते ती दुसरी.

इंग्लंडमध्ये ओळखचोरी नावाचा स्वतंत्र गुन्हाच नाही. २००६ च्या फसवणूक कायद्याखाली खोट्या बतावणीला १० वर्षांपर्यंत शिक्षा होते, खोटी ओळखपत्रं बाळगण्याबद्दल २०१० चा वेगळा कायदा आहे. तरी एक गोष्ट तिथल्या कायद्याने चांगली केली. समोरचा प्रत्यक्षात फसला की नाही हे सिद्ध करावं लागत नाही, अप्रामाणिक हेतूने खोटं सांगितलं एवढं पुरतं.

फ्रान्सचं मला सर्वांत विचारपूर्वक वाटतं. २०११ पासून तिथे दुसऱ्याची ओळख वापरून त्याची *शांतता भंग करणं* किंवा त्याच्या *प्रतिष्ठेला धक्का देणं* हा गुन्हा आहे, १ वर्ष कैद आणि १५,००० युरो दंड. शिक्षा कमी आहे, पण शब्द पाहा. मनःशांती! उंबरठा ताईंना विचारलेल्या "तुमचं काय गेलं" या प्रश्नाचं उत्तर तिथे कलमातच लिहून ठेवलंय. आणि दुसऱ्याचं नाव अशा परिस्थितीत सांगितलं की त्या बिचाऱ्यावर फौजदारी कारवाई होऊ शकेल, तर शिक्षा एकदम ५ वर्षं आणि ७५,००० युरो.

---

पानगळ

शेवटच्या मुद्द्यावर एक घडलेली गोष्ट सांगतो, अमेरिकेतली, न्यायालयात सिद्ध झालेली. खऱ्या माणसाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्याच्या नावाचे आधीच खूप हाल झालेत.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस दोन तरुण एका गाड्यावर एकत्र काम करायचे. पुढे त्यातल्या एकाने दुसऱ्याचं नाव घेतलं आणि त्या नावाने तीस वर्षांहून अधिक काळ जगला. त्या नावाने नोकरी, लग्न, कर्जं, विमा. त्याच्या मुलाने लावलेलं आडनावसुद्धा त्याचं नव्हतं. ज्याचं नाव घेतलं तो खरा माणूस बेघर होता. २०१९ मध्ये त्याला कळलं की आपल्या नावावर कुणीतरी मोठं कर्ज करून ठेवलंय. तो लॉस एंजेलिसमधल्या बँकेच्या शाखेत गेला, खरी ओळखपत्रं दाखवली आणि खाती बंद करा म्हणाला. बँकेने सुरक्षेचे प्रश्न विचारले. त्याला उत्तरं कशी येणार, खाती त्याची नव्हतीच. बँकेने खातेदाराला फोन केला, तोतयाने सगळी उत्तरं बरोबर दिली. पोलीस आले आणि त्यांनी खऱ्या माणसाला पकडलं, ओळखचोरीच्या आरोपाखाली.

न्यायालयात तो सांगत राहिला की हे नाव माझंच आहे. त्याच हट्टामुळे तो खटल्याला सामोरं जाण्याच्या मनःस्थितीत नाही असं ठरलं. ४२८ दिवस तुरुंगात आणि १४७ दिवस मनोरुग्णालयात. सुटताना न्यायाधीशांनी आदेश दिला की यापुढे फक्त "खरं नाव" वापरायचं, आणि ते खरं नाव म्हणून जे लिहिलं होतं ते तोतयाचं होतं.

तरी त्याने सोडलं नाही. तोतया जिथे नोकरीला होता त्या रुग्णालयाला कळवलं. तिथल्या विद्यापीठाच्या पोलीस दलातल्या एका तपास अधिकाऱ्याने त्याचं म्हणणं मनावर घेतलं, त्याच्या वडिलांना शोधलं आणि डीएनए जुळवून बघितला. मुलगा हाच निघाला. तोतयाने २०२४ मध्ये गुन्हा कबूल केला, जानेवारी २०२५ मध्ये त्याला १२ वर्षांची शिक्षा झाली. खऱ्या माणसाची दोषसिद्धी रद्द झाली.

सगळे कायदे होते तिथे. १९९८ चा होता, २००४ चा होता. ते कायदे वापरले गेले आधी त्याच्याच विरुद्ध.

---

खडूफळा

पानगळ, हे वाचून माझं मत बदललं असं नाही म्हणणार, पण माझ्या मनातली १० वर्षं या खऱ्या माणसालाच झाली असती हे खरं. यावर विचार करतोय.

भाऊसाहेबांचा तोतया आठवला. पानिपतानंतर आला, १७७६ मध्ये देहदंड झाला. त्याला तेव्हा पारखणारे, भाऊंना जवळून पाहिलेले लोक होते तरी किती वर्षं घोळ चालला. आता तर पारखतात ते चार आकडे.

---

साक्षेपी

थोडं व्यावहारिक. माझं काम तक्रार निवारणाशी संबंधित आहे, म्हणून हे रोज बघते.

उंबरठा ताई, तुमच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते संचार साथी पोर्टलवर बघून घ्या. कर्जाच्या मागे बहुधा एक सिम असतं. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात फसवणुकीने किंवा तोतयेगिरीने सिम मिळवण्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आधारची बोटांची, डोळ्यांची ओळख कुलूपबंद करता येते, तीही करा. तुमच्या आधारच्या नोंदीत कुणी तुमचं सोंग घेऊन फेरफार केला असेल तर आधार कायद्याचं कलम ३५ लागतं. २०१९ पर्यंत त्याची तक्रार फक्त प्राधिकरणच करू शकत होतं, आता आधारधारकालाही न्यायालयात जाता येतं. अनेकांना हे माहीत नसतं.

अमेरिकेतल्या दोन गोष्टी आपल्याकडे याव्यात असं मनापासून वाटतं. एक, ओळखचोरीचा अहवाल आणि ओळखीचा पुरावा दिला की पतअहवाल ठेवणाऱ्या संस्थेला ती खोटी नोंद ४ कामकाजाच्या दिवसांत रोखावी लागते. चार दिवस! आणि दुसरी, २००८ पासून न्यायालय गुन्हेगाराकडून पीडिताच्या *वेळेची* भरपाई देववू शकतं. रांगेत उभं राहण्यात, फोनवर, पत्रं लिहिण्यात गेलेले तास. आपल्याकडे वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात डेटा नीट न सांभाळणाऱ्याला २५० कोटींपर्यंत दंड आहे. पण तो दंड जमा होतो सरकारच्या संचित निधीत. ज्याचा डेटा गेला त्याच्या हातात त्यातला रुपया येत नाही.

---

सांजवात

वेळेची भरपाई... बाबांनी एका डायरीत कुठे किती वाजता गेले ते लिहून ठेवलंय. कशासाठी लिहितात ते आम्हाला कळायचं नाही.

---

काळा कोट

सांजवात, ती डायरी जपून ठेवा.

उंबरठा ताई, आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. पहिल्या प्रतिसादात ठकवणुकीची व्याख्या सांगितली, तिच्यात तुम्ही नाही. पण न्याय संहितेतच "क्षती"ची व्याख्या आहे : कुणाच्याही शरीराला, मनाला, लौकिकाला किंवा मालमत्तेला बेकायदेशीरपणे पोहोचवलेला अपाय. आणि तपास-खटल्याची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत पीडित कोण, तर आरोपीच्या कृत्यामुळे जिला हानी किंवा क्षती सोसावी लागली ती व्यक्ती. मन आणि लौकिक हे दोन शब्द तुमचे आहेत. त्यावर बोट ठेवून तुम्ही पीडित म्हणून उभ्या राहू शकता.

पीडित म्हणून नोंद झाली की तपास कुठवर आला हे ९० दिवसांत तुम्हाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. सरकारला खटला मागे घ्यायचा असेल तर न्यायालयाने आधी तुमचं ऐकून घेतलं पाहिजे. गुन्हा नोंदवायला नकार मिळाला तर तक्रार लेखी, टपालाने अधीक्षकांकडे पाठवा. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. सोबत अर्जाची ती प्रत, तुमच्या सहीचे जुने नमुने, त्या दिवशी तुम्ही कुठे होतात त्याचा काही पुरावा असेल तर तो.

---

उंबरठा

काल रात्री अर्ज लिहिला. वकिली भाषा येत नाही, साध्या शब्दांत लिहिलाय. मुख्य भाग इथे टाकते, चुकलं असेल तर सांगा.

"सदर कर्ज मी घेतलेले नाही. अर्जावरील छायाचित्र माझे नाही, सही माझी नाही. माझे नाव, जन्मतारीख आणि पॅन क्रमांक माझ्या परवानगीवाचून वापरण्यात आले आहेत. यामुळे माझे कर्ज नाकारले गेले, आठ महिने मला आणि माझ्या घरच्यांना वसुलीचे फोन येत आहेत, माझ्या मनाला व लौकिकाला क्षती पोहोचली आहे. कलम ६६सी प्रमाणे गुन्हा नोंदवावा आणि या गुन्ह्यातील पीडित व्यक्ती म्हणून माझी नोंद करावी."

सोमवारी नेऊन देते.

---

काळा कोट

काही चुकलेलं नाही. "माझ्या परवानगीवाचून"च्या आधी "अप्रामाणिकपणे" हा शब्द घाला, कलमात तो आहे. दोन प्रती न्या. एकीवर ठाण्याचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.